विस्कटलेल्या पेप्टाइडची गोष्ट

मामाचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं. "गो बाय, त्या बेडकाचा औषध कधी येतला?"

२०१७ पासून विचारतोय. त्या एप्रिलमध्ये पेपरात बातमी आली होती की केरळातल्या एका बेडकाच्या कातडीवरच्या स्रावात फ्लूच्या विषाणूला मारणारा पदार्थ सापडलाय. मामाने ते कात्रण प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टीव्हीखालच्या खणात, वीजबिलांच्या गठ्ठ्यावर ठेवलंय. कुडाळजवळच्या आमच्या गावात त्याने चौतीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं. भाची पुण्यात पेप्टाइडं बनवते हे त्याला ठाऊक, त्यामुळे औषध अडलंय ते भाचीच्याच टेबलावर असा त्याचा पक्का समज.

त्यात गेल्या आठवड्यात व्हॉट्सअॅपवर फोटो आला. न्हाणीत, हंड्यामागे बसलेला बेडूक. खाली लिहिलेलं, "हो बघ. मामी भायर काढूक बघता, मी काढूक देणंय नाय."

म्हटलं, आता मामाला एकदा सविस्तर उत्तर द्यायचंच. फोनवर ते नेहमी अर्ध्यात राहतं, कारण बोलता बोलता त्याला दम लागतो. म्हणून इथे लिहितेय. नातू वाचून दाखवेल.

आधी बेडूक, कारण त्यात आपलाही थोडा मान आहे. त्याचं शास्त्रीय नाव हायड्रोफायलॅक्स बहुविस्तार. हो, 'बहुविस्तार'. आपलाच शब्द, दूरदूरपर्यंत पसरलेला म्हणून. २०१५ मध्ये ही वेगळी जात आहे असं दाखवून तिचं बारसं करणाऱ्यांत पुण्याचे संशोधक होते. तोवर हे बेडूक त्याच्या मलबारी भावंडातच मोजले जायचे. पाठ तांबूस, बाजू काळसर. दोन वर्षांनी तिरुवनंतपुरमचं राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्र आणि अमेरिकेत अटलांटाचं एमरी विद्यापीठ यांनी मिळून 'इम्युनिटी' या नियतकालिकात निबंध छापला. बेडकांना विजेचा अगदी सौम्य झटका द्यायचा, कातडीवर सुटलेला स्राव गोळा करायचा आणि बेडकांना परत सोडून द्यायचं. त्या स्रावातून ३२ पेप्टाइडं तपासली. फ्लूच्या विषाणूवर चाललेली निघाली चार. त्या चारांना माणसाच्या तांबड्या पेशींसोबत ठेवलं तर तिघांनी विषाणूबरोबर पेशींचाही फडशा पाडला. उरलं एक. त्याला नाव दिलं 'उरुमिन'. उरुमी म्हणजे केरळातल्या कळरी या युद्धकलेतली ती पट्ट्यासारखी लवणारी तलवार.

३२ मधून चार आणि चारातून एक. मामा, पेपराच्या मथळ्यात फक्त तो एक असतो. माझा पगार उरलेल्या ३१ वर चालतो.

आता पेप्टाइड म्हणजे काय. मराठीच्या मास्तरांना समजावायचं तर सोपं आहे. प्रथिनं ही लांबलचक पुस्तकं, आणि पेप्टाइड म्हणजे त्यातलं एखादं वाक्य. बाराखडी वीस अक्षरांची, त्या अक्षरांना अमिनो आम्लं म्हणतात. उरुमिन २७ अक्षरांचं. आपल्याच शरीरात, श्वासनलिकेच्या अस्तरात आणि पांढऱ्या पेशींत, एलएल-३७ नावाचं जंतुनाशक पेप्टाइड असतं. सुरुवातीला ल्युसिन हे अक्षर दोनदा आणि एकूण अक्षरं ३७, म्हणून हे नाव. नाव ठेवण्यात आमच्या लोकांची कल्पनाशक्ती इतपतच. केरळवाले त्या मानाने कवी.

मी या धंद्यात आले ती चक्क २००९ मुळे. त्या ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला स्वाईन फ्लूचा पहिला मृत्यू झाला, शाळकरी मुलगी होती. शाळा बंद, थिएटरं बंद, मेडिकलच्या दुकानात मास्क संपलेले, लक्ष्मी रोडवर लोक तोंडाला रुमाल बांधून फिरताहेत. मामा तेव्हा नेमका माझ्या भावाच्या साखरपुड्याला आलेला. तिसऱ्या दिवशी ताप. नायडू हॉस्पिटलबाहेरच्या रांगेत मी त्याच्यासोबत सकाळी सातपासून उभी होते. पुढे एक बाई कडेवरच्या पोराच्या तोंडावर साडीचा पदर दाबून उभी होती आणि पोरगं तो सारखा ओढून काढत होतं. मामाला टॅमीफ्लू मिळालं, तो बरा झाला. पण त्या रांगेत मला एक गोष्ट भयंकर वाटली होती. एवढी माणसं, आणि सगळ्यांची भिस्त एकाच गोळीवर. विषाणूने त्या गोळीला चुकवायची युक्ती शोधली तर? मी तेव्हा एमएस्सी करून एका कंपनीत जुन्याच औषधांच्या शुद्धतेच्या चाचण्या करत होते. पुढच्या वर्षी पेप्टाइडांकडे वळले.

उरुमिनची गंमत तिथेच आहे. फ्लूच्या विषाणूवर जे खिळे असतात त्यांचा माथा दरवर्षी रूप बदलतो, म्हणून लसही दरवर्षी बदलावी लागते. खिळ्याचा देठ मात्र फारसा बदलत नाही. उरुमिन त्या देठाला धरतं आणि विषाणूच्या चिंध्या करतं. उंदरांना प्राणघातक फ्लूपासून त्याने वाचवलं. टॅमीफ्लूसारख्या औषधांना दाद न देणाऱ्या विषाणूंवरही चाललं. फक्त एक अट: खिळा एच-१ जातीचा हवा. दुसऱ्या घराण्याच्या, एच-३ एन-२ च्या फ्लूपुढे उरुमी म्यानातच राहते. दवाखान्यात तापाने फणफणलेला माणूस येतो तेव्हा त्याच्या कपाळावर कुठला एच ते लिहिलेलं नसतं.

पण ही अडचण पुढची. मला मामाला सांगायचंय ते त्याच्याही आधीचं. 'विषाणू मेला' हे वाक्य लिहायला किती सोपं आणि सिद्ध करायला किती अवघड, ते.

सहा-सात वर्षांपूर्वी आम्ही एक पेप्टाइड करत होतो. आरएसव्ही नावाचा विषाणू आहे, तान्ह्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना फुप्फुसात गाठतो. तो पेशीत शिरताना आपल्या प्रथिनाचे दोन पट्टे एकमेकांवर घट्ट मिटवतो, बटव्याची नाडी ओढावी तसे, आणि त्या ओढीने त्याचं वेष्टण पेशीच्या वेष्टणात मिसळतं. त्यातल्या एका पट्ट्याची नक्कल करून पेप्टाइड बनवलं की ते मध्येच जाऊन बसतं आणि नाडी आवळली जात नाही. ही कल्पना आमची नव्हे. एचआयव्हीवर याच तऱ्हेचं एन्फुविर्टाइड नावाचं ३६ अक्षरांचं औषध २००३ मध्ये आलं. ते बनवायला १०६ पायऱ्या लागतात आणि रुग्णाला रोज दोनदा कातडीखाली टोचून घ्यावं लागतं. आम्हाला ती कल्पना फुप्फुसात न्यायची होती, आणि टोचायचं नव्हतं.

आमचं पेप्टाइड ३५ अक्षरांचं. बनवायची रीत १९६३ सालची, मेरीफिल्ड यांची, नोबेल मिळालेली. प्लॅस्टिकच्या बारीक मण्यांना पहिलं अक्षर चिकटवायचं, मग एकेक जोडत जायचं. मणी गाळणीतच राहतात, बाकी सगळं धुऊन टाकायचं. प्रत्येक जोडणीनंतर चार मणी काढून काचेच्या नळीत निनहायड्रिन घालून गरम करायचे. मणी पिवळट राहिले तर जोडणी पूर्ण. निळे झाले तर अपुरी, पुन्हा करा. हे निनहायड्रिन तेच, ज्याने पोलीस कागदावरचे बोटांचे ठसे काढतात. हातमोज्याला भोक असेल तर दुसऱ्या दिवशी आपलीच बोटं जांभळी दिसतात. आता मशीन असतं, पण अवघड जोडणीला मी अजून मणी हाताने बघते. हिशेब निर्दय आहे. दर जोडणी ९९ टक्के झाली तर ३४ जोडण्यांनंतर शंभरातल्या ७१ माळा बिनचूक. ९८ टक्के झाली तर निम्म्याच. शेवटी माळ मण्यांवरून सोडवताना जी रसायनं लागतात त्यांचा वास कुजक्या कांद्याचा. त्या दिवशी बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी राहते.

शुद्ध करून, गोठवून वाळवलं की कुपीत उरतं म्हातारीच्या केसांसारखं पांढरं, हलकं काहीतरी. कुपी उघडताना श्वास रोखायचा, नाहीतर महिन्याची मेहनत उडून एसीच्या जाळीत.

पेप्टाइड पाण्यात विरघळेना म्हणून आम्ही टोकाला लायसिन नावाची दोन-तीन अक्षरं जोडली, त्यांच्यावर धन विद्युतभार असतो. पेशीच्या वेष्टणाला चिकटून राहावं म्हणून दुसऱ्या टोकाला चरबीची शेपटी. दोन्ही युक्त्या सर्वमान्य, आमच्या डोक्यातून निघालेलं काही नाही. विषाणूचं काम दुसऱ्या संस्थेत व्हायचं. आम्ही कुप्या पाठवायच्या, त्यांनी निकाल पाठवायचा.

निकाल आला तेव्हा जेवणाची सुट्टी होती. फोनवर फोटो. चाचणीच्या ताटलीत छोटे छोटे खण असतात आणि प्रत्येकाच्या तळाला पेशींची एकसंध चादर, जांभळ्या रंगाने रंगवलेली. विषाणू जिथे पेशी खातो तिथे पांढरं भोक पडतं. नुसत्या विषाणूच्या खणात भोकंच भोकं, वाळवीने खाल्लेल्या पुठ्ठ्यासारखी. आमच्या पेप्टाइडच्या खणात जांभळी चादर, तीनच भोकं. मी डबा तसाच ठेवून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. संध्याकाळी पेढे आले. कंदी पेढे होते, साताऱ्याचे, कुणाच्या तरी खणात दुसऱ्याच कारणासाठी आणलेले.

आमच्यात एक ज्युनिअर मुलगी होती, जेमतेम दीड वर्ष झालेलं. पेढा हातात धरून तिने विचारलं, "मॅडम, विस्कटलेलं पाठवलं होतं का?"

विस्कटलेलं म्हणजे असं. आपल्या पेप्टाइडमधली सगळी अक्षरं तीच घ्यायची, तितकीच, पण क्रम उधळून टाकायचा. वजन तेच, विद्युतभार तोच, शेपटी तीच, अर्थ मात्र शून्य. खरं पेप्टाइड विषाणूच्या त्या विशिष्ट पट्ट्यात बसून काम करत असेल तर विस्कटलेल्याने काहीही करता कामा नये. आम्ही ते बनवलंच नव्हतं. खर्च वाचवला होता. निर्णय माझा होता, साहेबांनी नुसती मान डोलावली होती.

बनवलं. तीन आठवडे. पाठवलं. या वेळी फोटो उघडायला मी जिन्यात गेले. खण जांभळा. भोकं चार.

एकदा वाटलं कुप्यांची अदलाबदल झाली. उरलेल्या दोन्ही कुप्यांचं वजन तपासायला मशीनमध्ये घातलं, तेच वजन. येणारच, अक्षरं तीच होती! अदलाबदल झाली नव्हती हे मग तुकडे पाडून, एकेक अक्षराचा क्रम वाचून पाहिलं. मग ती मुलगी रक्तपेढीतून तांबड्या पेशी घेऊन आली. या चाचणीला फारसं काही लागत नाही. पेशींत पेप्टाइड घालायचं, तासभर ऊब द्यायची, मशीनमध्ये गरगरवायचं. पेशी धड असतील तर त्या तळाशी बसतात आणि वर पाणी नितळ. फुटल्या असतील तर पाणी लाल. आमच्या दोन्ही नळ्या रसना घोळल्यासारख्या. खऱ्याची तशी आणि विस्कटलेल्याचीही तशी.

म्हणजे आम्ही इतकी डोकेफोड करून बनवला होता तो साबण. एका टोकाला चरबी, एका टोकाला भार, मध्ये काय लिहिलंय याला किंमत नाही. साबण विषाणूचं वेष्टण फोडतोच, हात धुताना तेच तर होतं. पण साबण फुप्फुसात ओतत नाहीत. मात्रा थोडी कमी केली की विषाणू मरेना, थोडी वाढवली की पेशी मरायच्या. विषाणूला मारणारी मात्रा आणि पेशीला मारणारी मात्रा यांत शेकडो पटींचं अंतर हवं असतं. आमच्यात जेमतेम तिप्पट.

हे सगळं मी तेव्हा मामाला सांगितलं होतं, दिवाळीला गावी गेले तेव्हा, ओटीवर बसून. त्याने ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाला, "वाल्याक 'मरा मरा' म्हणान राम पावलो. तुमका कसो पावलो नाय?"

यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही. खरंच, वाल्या कोळ्याची गोष्ट म्हणजे जगातला सर्वांत जुना विस्कटलेल्या अक्षरांचा प्रयोग. क्रम उलटा, फळ तेच. नारदांना कुणी परीक्षक भेटला असता तर विचारलं असतं, महाराज, मग गुण रामनामाचा की बसून राहण्याचा? मामाला हे बोलून दाखवलं नाही. मामी आतून ऐकत होती.

साबणाच्या प्रकरणानंतर आम्ही शेपटी बदलली, लायसिन काढले, पुढची दोन वर्षं त्यातच गेली. ते सांगत नाही, कंटाळवाणं आहे, आणि काही भाग सांगायची मुभाही नाही. एक बारीकशी गोष्ट सांगते, कारण या धंद्यात नव्याने आलेलं कुणी वाचत असेल तर त्याचे सहा महिने वाचतील. पेप्टाइड शुद्ध करताना वापरलेलं ट्रायफ्लुरोअॅसिटिक आम्ल त्याला मिठासारखं चिकटून येतं. पेशी कधीकधी त्यानेच आजारी पडतात आणि बोल लागतो पेप्टाइडला. आधी ते बदलून अॅसिटेट करून घ्या, मग पेशींवर घाला.

समजा, पेप्टाइड खरं निघालं. विस्कटलेलं चालत नाही, खरं चालतं, तांबड्या पेशी शाबूत. तरी ते अजून ताटलीतच आहे. ताटलीत खारं पाणी, साखर आणि शांतता असते. आजारी फुप्फुसात काय असतं ते मामाला मी वेगळं सांगायला नको. चिकट बेडका असतो (हा दुसरा बेडका, मामा, हसू नकोस), तो वर ढकलणारे केस असतात, आणि धावून आलेल्या पांढऱ्या पेशींनी सोडलेलं इलॅस्टेज असतं, जे समोर येईल ते प्रथिन कातरत सुटतं. पेप्टाइड म्हणजे त्याला आयता फराळ. म्हणून आम्ही पेप्टाइड आधी रक्तद्रवात ठेवून दर काही मिनिटांनी बघतो की किती उरलं. आलेखावर एकच सुळका असतो; अर्ध्या तासाने त्याच्या शेजारी बारक्या बारक्या टेकड्या उगवायला लागल्या की कळतं, कातरकाम सुरू झालं. मग उपाय म्हणजे माळेची दोन टोकं जोडून कडं करणं, किंवा अक्षरांची आरशातली रूपं वापरणं, जी त्या कात्रीला ओळखू येत नाहीत. दर उपायाने किंमत वाढते, आणि कधी मूळ कामच बिघडतं.

आणि तिथे पोचवायचं कसं? मामाकडे नेब्युलायझर आहे, घर्रर्र करणारा, मामी त्याला 'गिरण' म्हणते. त्यातून निघणारा थेंब एक ते पाच मायक्रॉनचा हवा. मोठा असेल तर घशातच आदळतो, फारच बारीक असेल तर आत जाऊन उच्छ्वासाबरोबर परत येतो. पेप्टाइडाचं पाणी गिरणीत घातलं तर काय होतं? फेस होतो. आमच्या एका नमुन्याचा असा फेस झाला की कपातून बाहेर आला आणि मुखवट्यात शिरला. वर ती धन भाराची पेप्टाइडं प्लॅस्टिकच्या नळीला चिकटतात. घातलं किती आणि बाहेर आलं किती याचा हिशेब लागत नाही. पेपरात असल्या गोष्टी येत नाहीत. 'शास्त्रज्ञांनी फेसावर मात केली' असा मथळा कोण देणार.

तरी सगळं अंधारलेलं नाही. २०२१ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या आणि रॉटरडॅमच्या इरॅस्मस केंद्राच्या लोकांचा निबंध आला. करोनाच्या खिळ्यातल्या तशाच पट्ट्याची नक्कल, दोन प्रती जोडलेल्या, शेपटीला कोलेस्टेरॉल. फेरेट नावाचे मुंगसासारखे प्राणी आहेत, त्यांना आपल्यासारखाच फ्लू आणि करोना होतो. त्यांच्या नाकात हे थेंब घातले आणि करोना झालेल्या फेरेटसोबत चोवीस तास एकाच पिंजऱ्यात ठेवलं. नुसत्या द्रावणाचे थेंब मिळालेल्या सगळ्यांना संसर्ग झाला. पेप्टाइड मिळालेल्यांपैकी एकालाही नाही. तो तक्ता मी रात्री साडेअकराला पाहिला आणि नवऱ्याला उठवून दाखवला. तो बँकेत आहे. "बरं," म्हणाला आणि वळून झोपला.

यातही एक बारीक अक्षरातली ओळ आहे. थेंब आधी घातले होते, संसर्ग नंतर. आपल्याकडे माणूस चौथ्या दिवशी डॉक्टरकडे जातो, त्याआधी काढा पितो.

आता माणसांचं. मामा, तुला आठवत असेल, दुसऱ्या लाटेत माझ्या फोनवर रात्रंदिवस नातेवाइकांचे फोन यायचे. अमुक इंजेक्शन मिळेल का, तमुक मिळेल का. त्यात एक निरोप 'व्हीआयपी'बद्दल होता. व्हीआयपी इंजेक्शन म्हटल्यावर लोकांना वाटलं वशिल्यानेच मिळणार. खरं तर ते आतड्यात सापडलेल्या एका पेप्टाइडचं आद्याक्षरी नाव. १९७० मध्ये सामी सैद आणि व्हिक्टर मट यांनी ते डुकराच्या आतड्यातून वेगळं केलं. २८ अक्षरं. औषध म्हणून नाव अॅव्हिप्टाडिल. फुप्फुसातल्या ज्या पेशी श्वासाचे फुगे उघडे ठेवणारा साबणासारखा लेप तयार करतात, नेमक्या त्यांच्यावर याचे ग्राहक, म्हणजे याला धरून घेणारी प्रथिनं असतात, आणि करोनाचा विषाणू नेमका त्याच पेशींत शिरतो. म्हणजे कथा अगदी जुळून आलेली. व्हेंटिलेटरवरून उठून घरी गेलेल्या रुग्णांच्या बातम्या फिरत होत्या. मी स्वतः त्या वाचून दोन जणांना म्हटलं होतं, मिळालं तर बघा. आज ते आठवलं की कान गरम होतात.

मग अमेरिकेत मोठी चाचणी झाली. ऑक्सिजन खालावून दवाखान्यात दाखल झालेले गंभीर रुग्ण, ४६१ जणांचा हिशेब. निम्म्यांना तीन दिवस रोज बारा तास शिरेतून अॅव्हिप्टाडिल. बारा तास अशासाठी की हे पेप्टाइड रक्तात मिनिटा-दोन मिनिटांत निम्मं होतं, थेंब थेंब देतच राहावं लागतं. उरलेल्या निम्म्यांना तशाच बाटलीतून औषधाविना पाणी. बाकीचे उपचार दोघांनाही सारखे, आणि कुणाला काय चाललंय हे रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. नव्वद दिवसांत औषधाच्या गटातले शंभरात ३८ दगावले. पाण्याच्या गटातले ३६. २०२२ च्या मे महिन्यात फायदा दिसत नाही म्हणून ती थांबवली.

मला त्यातला ३६ पेक्षा त्याच्या पलीकडचा आकडा जास्त छळतो, ६४. पाणी मिळालेल्यांतले शंभरात चौसष्ट जगले. त्या चौसष्टांपैकी कुणाच्याही घरी विचारलं असतं तर त्यांनी शपथेवर सांगितलं असतं की त्या बाटलीनेच वाचवलं. पेढे वाटले असते. आमच्यासारखेच, विस्कटलेलं पाठवण्याआधी. त्या चाचणीतलं पाणी म्हणजे विस्कटलेलं पेप्टाइडच की. फरक इतकाच की आमच्या खणात पेशी होत्या आणि इथे प्रत्येक खणात कुणाचा तरी मामा.

करोनावर चाललेली गोळी आली ती पेप्टाइडांच्या चुलत घराण्यातून. निर्माट्रेल्विर. विषाणू आपली लांब प्रथिनं ज्या कात्रीने कापून वेगळी करतो तिच्या पात्यात पेप्टाइडसारखं रूप घेऊन ही जाऊन अडकते, पण अंगाने बारकी, पोटातून घेता येते, आणि लवकर जिरू नये म्हणून सोबत रिटोनाविर नावाचं एचआयव्हीचं जुनं औषध. लस न घेतलेल्या, धोका जास्त असलेल्या लोकांना पहिल्या तीन दिवसांत दिली तर दवाखान्यात दाखल होणं किंवा मृत्यू ८९ टक्क्यांनी कमी. पेप्टाइडाचा चेहरा घेतला आणि पेप्टाइडाच्या खोडी टाकल्या, तेव्हा कुठे गोळी झाली. माझ्यासारख्या माळा ओवणाऱ्या बाईला हे थोडं लागतंच.

तर मामा, बेडकाचं औषध कुठे अडलंय? माझ्या टेबलावर नाही. दुकानात ते आलेलं नाही. उंदीर आणि तुझी गिरण यांच्यामध्ये जो रस्ता आहे, फेसाचा, कात्रीचा, एच-३ चा आणि पाण्याच्या बाटलीचा, त्याच्यात ते आहे. तोवर ऑक्टोबरच्या आधी फ्लूची लस घे. गेल्या वर्षी 'बघतंय' म्हणालास आणि डिसेंबरात आठ दिवस झोपलास. या वेळी मी स्वतः विचारणार आहे, तारखेसकट.

आणि बेडूक पकडून ठेवायची गरज नाही. उरुमिनची २७ अक्षरं छापलेली आहेत, ती मशीनला दिली की पेप्टाइड तयार होतं. बेडकाचं काम २०१७ मध्येच संपलं.

हे परवा त्याला फोनवर थोडक्यात सांगितलं तर म्हणाला, "मगे ह्येका सोडू भायर?" आवाज जरा उतरलेला वाटला. तोवर मी फोटो बेडकं ओळखणाऱ्या मैत्रिणीला पाठवला होता. तिचं उत्तर आलं होतं: बोटांच्या टोकांना चांगल्या रुंद चकत्या, पाठ मातकट, तांबड्याचं नाव नाही. हा साधा झाडावरचा बेडूक, घराघरांतल्या न्हाणीत असतो. बहुविस्तार नव्हेच.

मामाला म्हटलं, राहू दे. पावसात कुठे जाईल.